विंगेतले काका

आमच्या नाट्यसंस्थेचे प्रॉम्प्टर काका एकतीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसले. नट जरा अडखळला की पुढचा शब्द यांच्या ओठांवर तयार. प्रेक्षकांना आपला आवाज कधी ऐकू गेला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! "मी दिसलो तर नाटक पडलं समज," असं मला म्हणायचे.

मी दिग्दर्शक झालो आणि माझ्या अंगात प्रयोग शिरला. पडदा काढला, विंगा काढल्या, नट प्रेक्षकांत घुसून त्यांनाच जाब विचारू लागले. काकांना मी स्टुलासकट रंगमंचाच्या मधोमध आणून बसवलं. ते बिचारे नको नको म्हणत होते, पण मी ऐकतोय कुठला!

शेवटचा प्रवेश मी प्रयोगाच्या दिवशीच टाइप करून त्यांच्या हातात दिला. त्यात पुढे काय होणार ते मुद्दाम सांगितलं नाही, नटांनाही गप्प राहायला बजावलं. त्या प्रवेशात सगळे नट एकदम थांबले, काकांकडे वळले आणि म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांगितलीत. आता तुमचं बोला."

काकांनी चष्मा सावरला. पान उलटलं, परत उलटलं. स्टुलाखाली वाकून पाहिलं. त्यांना वाटलं, आपलं वाक्य असलेलं पान कुठेतरी गळलं. प्रेक्षक आधी हसले, मग चिडीचूप झाले. पाच मिनिटं मी दिवे मालवू दिले नाहीत. मला हवा तो परिणाम मिळत होता ना!

नंतर लोक माझी पाठ थोपटत असताना काका घामाघूम होऊन आले. "पान हरवलं रे माझ्याकडून. असं कधी झालं नव्हतं."

"असू द्या, काका," मी म्हणालो. एवढंच म्हणालो, नालायकासारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. नजर दगा देते, म्हणाले.

चार वर्षं ते मला आतून खात राहिलं. शेवटी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. काका खिडकीपाशी पेपर वाचत होते, नजर ठणठणीत.

"काका, त्या दिवशीचं ते पान... ते पान मी..." पुढे शब्दच फुटेना.

काका किंचित पुढे झुकले. विंगेतल्या त्याच दबक्या, स्पष्ट आवाजात म्हणाले, "लिहिलंच नव्हतं."

"लिहिलंच नव्हतं," मी त्यांच्यामागून म्हणालो.