हलकं लागलेलं खोकं

माझा धाकटा भाऊ दत्तात्रय याला इंदूरच्या एका विक्रेत्याने फसवलं. जुनं एक्स-रे यंत्र ‘सगळ्या भागांसह’ म्हणून इंटरनेटवर विकलं आणि किरण अडवणारं आतलं शिसं काढून घेतलं. दत्तूला जाऊन आता सात आठवडे झाले. लोक येतात, चहा घेतात, भला माणूस होता म्हणतात. भला होताच. पण तो कसा गेला ते कोणी विचारत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादचे. वडिलांच्या मळ्याचे वाटे झाले तेव्हा मी पंचवटीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायला लागले. आज माझे दोन गाळे आहेत आणि ते कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाहीत. दत्तू शिकला, आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवायचा. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत बसून जुने रेडिओ उघडायचा. पुढे त्याला वस्तू न उघडताच आत बघायची हौस लागली. एक दिवस त्याने मला फोनवर जाहिरात दाखवली. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातलं छोटं एक्स-रे यंत्र होतं.

“अक्का, तू बोल ना त्याच्याशी. मला भाव करता येत नाही.”

“म्हणून तर मंगल तुला भाजीला पाठवत नाही,” मी म्हटलं आणि नंबर लावला. मंगल म्हणजे त्याची बायको.

तीन दिवस मी त्या माणसाशी बोलत होते. तो दीदी दीदी करायचा, मी त्याला गंजलेली चाकं आणि जुनाट मॉडेल ऐकवायचे. तिसऱ्या दिवशी मी निम्म्याहून कमी भाव सांगितला, तोही नुसता त्याची पुढची बोली काढायला. फोनमध्ये त्याच्या मागे कोणीतरी पत्र्यावर ठोकत होतं. मग म्हणाला, “ठीक है दीदी, भिजवा देता हूँ. दस दिन लगेंगे.” मी इतकी वर्षं बाजारात बसले आहे. पडत्या भावाला लगेच हो म्हणणाऱ्याची पाटी मी उलटी करून तळाचा माल बघते. त्या दिवशी बघितला नाही. जिंकल्याच्या आनंदात होते.

खोकं आणायला आम्ही दोघं नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने मी. उचलताच मी म्हटलं, “हलकं लागतंय रे.” जाहिरातीत वजन दिलेलं होतं आणि माझ्या हाताला काट्याशिवाय वजन कळतं. चार-पाच किलो तरी कमी होतं.

“बरंच झालं, हमाल नको,” दत्तू म्हणाला. आम्ही दोघंही हसलो आणि खोकं रिक्षात टाकलं.

दत्तू बेफिकीर नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. असं यंत्र चालवायला परवाना लागतो. तो त्याने काढला नव्हता. ती त्याची चूक आणि मी ती झाकणार नाही. पण त्याने वाचून वाचून सगळं बसवलं होतं. यंत्राचं तोंड मळ्याकडच्या जाड भिंतीकडे केलं आणि स्वतःची खुर्ची यंत्राच्या मागे ठेवली. “किरण पुढूनच जातात अक्का. बाकी सगळ्या बाजूंनी आत शिसं आहे. मागे बसलं की देवघरात बसल्यासारखं.” मी गाळ्यावरून डाळिंबं न्यायचे, कारली न्यायचे, एकदा मोडकं कुलूप नेलं. मग तो फिल्म खिडकीशी धरून आतले दाणे दाखवायचा, आणि साठीच्या माणसाचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा व्हायचा. मीही तिथे चार-पाच वेळा बसले. मागेच, त्याच्या शेजारी...

दीड वर्षाने त्याच्या मानेवर लाल चट्टा आला. ऊन लागलं म्हणाला. “घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, ऊन कुठलं लागतंय?” मंगल मला म्हणाली. मग एका बाजूचे केस विरळ झाले, धाप लागायला लागली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हाडांतला मगज रक्त तयार करत नाही. कशामुळे, ते खात्रीने सांगता येत नाही. त्यांना यंत्राचं कोणी सांगितलंच नव्हतं. दत्तूने मंगललाही शपथ घातली होती. हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं तेव्हा मी दवाखान्यातच त्याच्यावर ओरडले. तो हळूच म्हणाला, “भाव तू केलास ना... तुझं नाव आलं असतं.”

तेराव्यानंतर मंगल म्हणाली, ती खोली मोकळी करा, मला तिकडे बघवत नाही. खुर्चीच्या वर, डोक्याच्या उंचीला एक फळी होती. तिच्यावर न वापरलेल्या फिल्मची, भिंतीला टेकवून उभी ठेवलेली बंद पेटी सापडली. माझ्या ओळखीच्या एका जुन्या एक्स-रे तंत्रज्ञाने त्यातल्या फिल्म धुवून पाहिल्या. कोऱ्या फिल्म धुतल्यावर पारदर्शक निघायला हव्यात, या सगळ्या काळ्या निघाल्या.

“ताई, ही पेटी कुठे होती?”

“यंत्राच्या मागे, फळीवर.”

“आणि माणूस कुठे बसायचा?”

“फळीच्या खाली.”

त्याने घरी येऊन यंत्राचं वरचं कव्हर उघडलं. नळीच्या डब्याभोवती शिशाचा जाड पत्रा असायला हवा होता. तिथे स्क्रूची रिकामी भोकं होती आणि एका कोपऱ्यात पक्कडीने ओरबाडलेली बोटभर शिशाची पट्टी.

सगळ्यात पुढच्या फिल्मवर मधोमध एक फिकट गोल आहे आणि त्याला दोन्हीकडून पट्ट्याच्या बकलाचे ठिपके. दत्तू यंत्र लावण्याआधी मनगटी घड्याळ काढून पेटीपुढच्या खिळ्याला अडकवायचा. घड्याळ बिघडू नये म्हणून. ती फिल्म मी माझ्या खिडकीच्या काचेला लावली आहे.

विक्रेत्याने पहिल्या फोनला “कौन सी मशीन?” विचारलं आणि नंतर माझा नंबर ब्लॉक करून टाकला. वेबसाइटवाले म्हणतात, तक्रारीची मुदत संपली. गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात आली. तसंच यंत्र, तेच शब्द, ‘सगळ्या भागांसह’. खाली कोणीतरी विचारलं आहे, कमी किती होईल? मी त्याखाली दत्तूचं लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते पुसलेलं होतं.

पोलिसांत अर्ज दिला आहे. भाव मी केला, हेही त्यात माझ्या सहीनिशी लिहिलं आहे. त्या माणसाला नाशिकला आणा आणि माझ्यासमोर उभा करा. पैसे मला नकोत, माफीही नको. त्याने एवढंच सांगावं, की ते शिसं माझ्या फोनच्या आधीच काढलेलं होतं, की मी भाव पाडल्यावर त्या दहा दिवसांत काढलं?