सपनाने वर केलेला हात

आधी एक दुरुस्ती. चांदूर बाजारला आमच्या चर्चच्या उन्हाळी शिबिरात, "कोणाला येशूला जीवन द्यायचंय?" असं मी प्रार्थनेत विचारल्यावर माझ्या गटातल्या बारा वर्षांच्या सपनाने हात वर करून येशूला जीवन दिलं, असं मी या ब्लॉगवर लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

आज अकोल्याला जठारपेठेत ती आईबरोबर भाजी घेताना भेटली. मी विचारलं, "रोज प्रार्थना करतेस ना?"

ती हसली. "नाही ताई. तुमी विचारता विचारता रडून राहिल्या होत्या, म्हणून मी हात वर केला. तुमाले बरं वाटलं ना?"

त्या हाताच्या आधारावर माझा विश्वास महिनाभर तगला होता. अमरावतीला घरी येऊन प्रार्थनेला बसले, शब्दच येईनात. लहानपणी मीही बाबांना बरं वाटावं म्हणूनच हात जोडत होते का? तुमच्यापैकी कुणाला असं वाटलंय?

रविवारी चर्चमध्ये मला शिबिराची साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आहे. शनिवारी पाळकांना भेटून साक्ष देणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायला सांगणार आहे.