शी, शी!

आमच्या घरात 'शी' या शब्दाचे दोन अर्थ. एक म्हणजे आमची तीन वर्षांची मुलगी करते ती. दुसरा म्हणजे ती पाहून मी नाक मुरडून काढतो तो उद्गार. हा दुसरा अर्थ मला फार महागात पडला.

पोरीचा खोकला हटेना, वजनही उतरलं. डॉक्टरीणबाईंना क्षयाची शंका आली. म्हणाल्या, "एवढीशी लेकरं थुंकत नाहीत, कफ गिळतात. तो काढायचा तर उपाशीपोटी नाकातून पोटात नळी घालावी लागते. पण गिळलेला कफ शीतूनही उतरतो. उद्या या डबीत शी आणा. त्यात जंतू सापडला तर नळी टळली."

सकाळी मी डबी घेऊन कमोडपाशी हजर. पोरीनं काम उरकलं आणि मी सवयीनं "शी, शी!" करत फ्लश ओढला. डबी हातात तशीच.

बायको धावत आली. "काहून ओढलं?"

"हात गेला."

"अवो, तुमच्या हाताले डोकं नाही अन् डोक्याले हात नाही! आता नळी घालतील तेव्हा तुम्हीच धरजा तिले!"

मग पपई झाली, मनुका झाल्या, कोमट पाणी झालं. पुन्हा फ्लशची भानगड नको म्हणून आणलेल्या प्लास्टिकच्या भांड्यावर बसवलं की पोरगी ओठ घट्ट मिटून बसे. शेवटी बोलली, "मी नाही करत. बाबा शी म्हणते."

घ्या! हुडकेश्वरच्या त्या इवल्याशा घरात मी उकिडवा बसून विनवू लागलो, "नाही वं, बाबाले शी लय आवडते!" खिडकीशी कपडे वाळत घालणारी शेजारीण तेव्हापासून मला नमस्कार करत नाही. पण संध्याकाळी भांडं वाजलं. डबी भरून मी स्कूटरवर अशी नेली, जसा काही त्यात तुपातला शिरा होता.

"जंतू सापडला," दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळीची गरज नाही. औषध सुरू करू, बरी होईल."

"शाब्बास!" मी ओरडलो.

"पोरीले क्षय निघाला," बायको डोळे पुसत म्हणाली, "अन् हा माणूस खुश होऊन राहिला!"

मी पोरीचं शेंबडं नाक रुमालानं हलकेच पुसलं. तिनं रुमालाकडे पाहिलं आणि अगदी माझ्यासारखं तोंड करून म्हणाली, "शी!"