स्पॉट द्या ना

तळहाताला लोखंडाचा वास लागला की मला भांडुपच्या त्या जिममधली माझी पहिली सकाळ आठवते. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली मी, वय बेचाळीस, पंजाबी ड्रेसखाली कोरे करकरीत बूट. वजन उचलायला बाकावर बसलेली एक दणकट मुलगी म्हणाली, "ताई, जरा स्पॉट द्या ना." मी घाईघाईने टॉवेल उचलून तिला जागा करून दिली. ती खो खो हसली. "जागा नको हो! माझ्या डोक्यामागे उभ्या राहा. रॉड खाली यायला लागला तरच धरा. आज पीआर मारायचाय, म्हणजे आजवर उचललं नाही एवढं उचलायचंय. तुमचं बोट लागलं तर तो धरत नाहीत." आडवी होऊन तिने रॉड छातीपर्यंत घेतला, वर ढकलला आणि तो मध्येच अडला. तिचे हात थरथरायला लागले. माझे हात रॉडखाली, बोटभर अंतरावर. धरू की नको? "नको!" ती दातओठ खात म्हणाली. मग मीच ओरडले, "ढकल गं, ढकल! झालंच!" आणि रॉड वर गेला! घामाने निथळत तिने मला मिठीच मारली. मग सगळी वजनं काढून नुसता रॉड ठेवला. "आता तुम्ही." मी तो कसाबसा एकदाच उचलला, तर ती अख्ख्या जिमला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताईंचा पीआर!" आज मी त्याच्या दुप्पट उचलते, पण त्या सकाळी अंगात जे चढलं, ते अजून उतरलेलं नाही.