अमीबा आमच्याच घरात होता

“लिव्हर अ‍ॅब्सेस,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ह्यांच्या उजव्या बरगडीखाली बोटाने दाबलं. पायात खिळा गेला तरी ब्र न काढणारे आमचे हे तेव्हा ओरडले. लिव्हर अ‍ॅब्सेस म्हणजे यकृतात झालेलं गळू. यकृत हा शब्द मी सातवीच्या पुस्तकात वाचला होता. ते माणसाला असं लोळवतं हे पुस्तकात नव्हतं.

पिंपरीला औषधाचा कारखाना नवा सुरू झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. हे त्या कारखान्यात कामाला होते. आम्ही मूळचे चाकणकडचे शेतकरी. दापोडीत रेल्वेच्या कडेला एका खोलीत हे, मी आणि माझ्या सासूबाई राहायचो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

सुरुवात झाली ती आवेने. मग रक्त पडू लागलं. मग रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप, आणि उजवा खांदा दुखायचा. सायकलीने खांदा आखडला असेल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. तुमच्या घरात कुणाचा आवेनंतर खांदा दुखला तर तेल चोळू नका, दवाखाना गाठा. यकृत सुजलं की त्याची कळ खांद्यात उठते, हे आम्हाला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आल्यावर कळलं.

हे मात्र निर्धास्त होते. “पेनिसिलीन आमीच बनवतो, मला काय व्हतंय?” असं डॉक्टरांनाच सांगायचे. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “पेनिसिलीन बॅक्टेरियाला मारतं. तुम्हाला झालाय तो अमीबा. दोघंही एकाच पेशीचे, पण जात वेगळी. ह्याची पेशी तुमच्या-माझ्या पेशीच्या जवळची आहे. म्हणून त्याला मारणारं औषध आपल्यालाही थोडं मारतं.” आपल्या कारखान्याला कुणी नावं ठेवावीत तसे हे रुसून भिंतीकडे वळले.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. एक पारदर्शक ठिपका दिसला. तो एका बाजूने फुगला, राहिलेलं सगळं अंग त्या फुगवट्यात ओतलं गेलं आणि तो पुढे सरकला.

“ह्याला स्यूडोपोडियम म्हणतात, खोटा पाय,” डॉक्टर म्हणाले. “ह्याला डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही. खाणं दिसलं की अंगानेच वेढून घेतो. वाढला की मधोमध दुभंगतो, एकाचे दोन होतात. नर नको, मादी नको. आत गोल ठिपके दिसतात का?”

दिसत होते.

“ते तुमच्या मालकांचं रक्त.”

मला किळस नाही आली, राग आला. ज्याला तोंडसुद्धा नाही, त्याने माझ्या नवऱ्याला खावं!

अमीबाला मारणाऱ्या एमेटीनची इंजेक्शनं सुरू झाली. ती हृदयाला जड जातात, म्हणून पाणी प्यायलाही उठायचं नाही अशी ताकीद होती. मग बरगड्यांमधून जाड सुई घालून गळू उपसलं. काकवीसारखा दाट, तपकिरी पू निघाला. ताप उतरला, हे माझ्याशी भांडायला लागले, तेव्हा मला खात्री पटली की आता बरे होतात. आम्ही घरी आलो.

घरी आत्याबाईंचं राज्य होतं. लेकाच्या अंगावर मांस चढावं म्हणून त्या दोन्ही वेळा कोमट दुधात भाकरी कुस्करायच्या. चमच्याने नाही, हाताने. पार मऊ होईपर्यंत कुस्करायच्या आणि मांडीशी बसवून भरवायच्या. मी पुढे झाले की म्हणायच्या, “आदी हात धू. तुज्या हाताला चव न्हाई आन् साफसफाई बी न्हाई.” लग्न झाल्यापासून मी हेच ऐकत आले होते.

काही महिन्यांत पुन्हा रक्त, पुन्हा ताप, पुन्हा तीच खाट. डॉक्टरांनी जुने कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, “घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करू.”

आत्याबाई भडकल्या. “माजं प्वाट जल्मात कदी दुकलं न्हाई. माजं काय बघायचंय?” लेकाची शपथ घातली तेव्हा कुठे कबूल झाल्या.

माझ्यात काही सापडलं नाही. त्यांच्यात सापडलं.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. “दिवस वाईट आले की अमीबा अंगाभोवती कवच करून बसतो. त्याला सिस्ट म्हणतात. तो पोटातून बाहेर पडतो, पाण्यात टिकतो, भाजीवर टिकतो, नखांत टिकतो. तुमच्या सासूबाईंच्या पोटात तो काही त्रास न देता राहिलाय, किती वर्षं ते सांगता येणार नाही. ह्यांना तो त्यांच्याकडूनच आला असं मी म्हणत नाही, तो विहिरीतूनही येतो. पण त्यांच्या हातचं ह्यांच्या पोटात जाता कामा नये. त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग ह्यांच्या खाटेकडे नजर गेली आणि स्वतःची शरम वाटली.

आत्याबाईंना मी एवढंच सांगितलं की दवाखान्यात बाहेरचं चालत नाही. त्या रोज डबा आणायच्या, मी तो दारातूनच परत पाठवायची. त्या मला काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

ह्या खेपेला गळू छातीच्या बाजूला फुटलं. श्वास लागला. सुई घातली, औषधं बदलली, तरी ताप हलेना. हे काही खाईनात. एका सकाळी म्हणाले, “आईनं कुस्करल्याली दूध-भाकर दे.”

मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, “आईंच्या हातचं मागतायत.” डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं, मग खाली बघितलं.

“द्या,” ते म्हणाले.

एवढं एकच अक्षर. पण ज्याने सक्त मनाई केली होती तोच द्या म्हणाला, तेव्हा पुढचं सांगायची गरज उरली नाही. 

आत्याबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी खाटेवर बसून भाकरी कुस्करली आणि दोन घास भरवले. ह्यांनी ते गिळले. आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बग, माज्या हातचं खाल्लं का न्हाई?”

“व्हय आत्याबाई, खाल्लं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे गेले.

दहाव्याला आलेल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, “हिनं डबा परत धाडला. माज्या लेकराला उपाशी मारलं.” व्हरांड्यात ऐकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. एका वाक्यात त्यांना गप्प करता आलं असतं. पण ते ऐकून ती बाई उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघत बसली असती. मी उठून आत गेले.

आत्याबाईंच्या पोटातला अमीबा मारायला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. शक्तीच्या गोळ्या आहेत असं सांगून मी त्या देऊ लागले. आत्याबाई म्हणाल्या, “मला शक्ती कशाला? आता कुनाला करून घालू?” तरी मी पाण्याचा तांब्या पुढे धरला आणि त्यांनी गोळी घेतली. गोळ्या संपेपर्यंत रोज त्या मला बोलायच्या आणि गोळी घ्यायच्या.

पाणी उकळून प्या. आजाऱ्याबरोबर घरातल्या धडधाकट माणसांचीही तपासणी करून घ्या, आणि ती पहिल्याच खेपेला करा. एवढं तुमच्यासाठी. डॉक्टरांनी ती गोष्ट वॉर्डात सर्वांदेखत न सांगता मला एकटीला सांगितली, ह्याचे उपकार मी विसरणार नाही. आत्याबाई परवा गेल्या. शेवटपर्यंत त्या मला दोष देत होत्या, आणि शेवटपर्यंत त्यांच्या पोटात काही दुखलं नाही.