आतून तापलेलं भुस

आमचा आखाडा, म्हणजे राहतं घर आणि गोठा, गावापासून दीड किलोमीटरवर, शेतातच. दोन म्हशी, एक गाय, बैलजोडी आणि आम्ही दोघं. जनावरांना पाऊस पडेपर्यंत पुरतील असे हरभऱ्याच्या भुसाचे दोन ढीग गोठ्यामागे घातले होते. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला आणि दोन्ही चांगले भिजले. पाऊस थांबल्याबरोबर मी त्यांच्यावर ताडपत्री ओढली, कडेनं दगड लावले, वारा शिरायला जागा ठेवली नाही. काम नीट झालं असं मला वाटलं.

एप्रिलात एका दुपारी आम्ही जेवत असताना पहिला ढीग पेटला. ताडपत्रीला मधोमध भोक पडलं आणि त्यातून जाळ वर आला. लाईट नव्हती, म्हणून मोटार बंद. जनावरं सोडली, हौदातलं पाणी बादल्यांनी मारलं. गावातून माणसं येईस्तोवर ढिगाची राख झाली. गोठा तेवढा वाचला.

शेजारच्या शेतात माझ्या चुलत दिरानं त्याच सकाळी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत जाळलं होतं. तोही ट्रॅक्टरला पाण्याची टाकी लावून विझवायला आला होता. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, "भाऊजी, तुमच्या धुऱ्यानं आमचं जाळलं. डोळे कुठं ठेवले होते?"

"माझा धुरा दहालाच विझला, वहिनी. वारं बी तुमच्याकडं न्हवतं."

"मग आभाळातून पडली का ठिणगी?"

तो टाकीचा पाइप गुंडाळायला लागला. उन्हाळ्यात लोकांची रानं नांगरून देतो, त्यावरच त्याचं घर चालतं. त्या आठवड्यात दोन घरांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मला कळलं तेव्हा मी म्हणाले, बरं झालं.

पाचव्या दिवशी दुसऱ्या ढिगातलं भुस काढायला ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घातला. तापल्या तव्यावर पडावा तसा हात भाजला. बाहेर काढला तर बोटं काळी आणि वास फुटाण्याच्या भट्टीचा. आसपास कुठंच आग नव्हती. धुरा जळून पाच दिवस झाले होते.

मी तिथंच खाली बसले. ओल्या शेणखताचा ढीग गरम होतो हे मला माहीत होतं. भुसाचाही होतो आणि एवढा होतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ओलं भुस मीच झाकून कोंडलं होतं.

आमचे हे परभणीला गेले होते. पाण्याची टाकी एकाच माणसाकडे. मी त्याच्या आखाड्यावर गेले. तो बाजेवर बसून पंपाचा नट खोलत होता.

"दुसरा ढीग आतून पेटायलाय," मी म्हणाले. "पहिला बी तसाच पेटला. चूक माझी हाय."

त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. "हे बी मीच पेटवलं म्हणून सांगणार न्हाईत ना?"

"चला लवकर."

"चलतो. पर वहिनी, चार माणसांत बोललात, चार माणसांतच सांगा."

"सांगते."

त्यानं पाणी मारत मारत ढीग फोडला. मधलं भुस कोळशासारखं काळं निघालं. वारा लागताच दोन ठिकाणी जाळ झाला, तो विझवला. निम्मं भुस हाती लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात गेले. नांगरटीचे सौदे तिथंच ठरतात. सगळं सरळ सांगितलं. एक म्हातारे हसले. "भिजलेलं भुस आपोआप पेटतंय व्हय? भाऊबंदकी मिटवायलाव, दुसरं काय."

मी पट्टी बांधलेला हात पुढं केला. त्यांनी तो नीट पाहिला.

"लय मोठं मन हाय बाई तुमचं," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

राग काढताना मी जे बोलले ते लोकांना एका दमात पटलं होतं. खरं सांगितलं तर तो माझा चांगुलपणा ठरला.

त्याला येऊ नको म्हणणाऱ्या दोन्ही घरी मी वेगळी जाऊन आले. त्यांनी चहा दिला. त्यांची नांगरट मात्र दुसऱ्याच ट्रॅक्टरनं झाली.