‘त्रास नाही’ समोरची खूण

मोठ्या जाऊबाईंच्या आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला कॅन्सर निघाला, तेव्हा आम्ही हिंदी मुलखातल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात एकाच घरात राहायचो. डॉक्टरांनी तेवढं आतडं कापलं आणि उरलेली वाट पुन्हा जोडून दिली. जोड भरेपर्यंत पोटावर लावलेली शौचाची पिशवी काही महिन्यांत निघाली. गेलेली बाई परत आली म्हणायची, आणखी काय पाहिजे.

डॉक्टर नागपूरकडचे, आमच्याशी मराठीतच बोलायचे. अशा जोडलेल्या आतड्यांवर त्यांचा मोठा अभ्यास. बाहेरगावचे डॉक्टर शिकायला यायचे, परदेशात त्यांचे लेख छापून यायचे. आणि हा सगळा अभ्यास उभा होता एका कागदावर. दर वर्षी तो टपालानं यायचा. संडासला किती वेळा जावं लागतं, आवरतं का, कपडे खराब होतात का, असे प्रश्न. जाऊबाईंना लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं पोरांच्या पुस्तकांतून उचललेलं, म्हणून कागद भरायचं काम माझ्याकडे.

“त्रास नाही, लिही,” जाऊबाई सांगायच्या.

“अन् सकाळपासून पाच खेपा झाल्या, त्या माझ्या का?”

“लय वकील झाली तू. ज्यानं जीव वाचवला त्याले मी हागण्याचं सांगू? त्याईले वाईट नाही वाटणार? लिही गुपचूप.”

मी हसत हसत ‘त्रास नाही’समोर खूण करायची.

आधी त्यांचं पौर्णिमेला विहारात जाणं सुटलं. मग बारशी, मग लग्नं. भाचीच्या लग्नाला भिलाईला जायचं म्हणून दोन दिवस पोटात काही घेतलं नाही. मांडवात संडासाजवळची खुर्ची धरून बसल्या, नवरीजवळही गेल्या नाहीत. घरी आल्या त्या आठवडाभर उठल्या नाहीत. त्यानंतर कुठंच नाही. आम्ही लग्नाहून आलो की दारातच विचारायच्या, कोण काय नेसलं, भाजी कशी होती. कोणी घरी आलं की मात्र ऐटीत सांगायच्या, “मी डॉक्टरसाहेबाच्या पुस्तकात आहो.”

सात वर्षं अशी गेली. कॅन्सर परत आलाच नाही. त्या साध्या तापानं गेल्या.

पुढच्या वर्षी कागद आला तसा मी तो घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर हळहळले. म्हणाले, “फार चांगल्या झालेल्या पेशंट होत्या त्या.”

माझ्याच्यानं राहवलं नाही. “नव्हत्या, साहेब,” म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या खुणेचंही.

त्यांनी चष्मा काढला. “मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाले वाईट वाटन म्हणून.”

मग म्हणाले, “याला उपाय असतात हो. औषधं, खाण्यातले बदल, व्यायाम. सगळं बरं झालं नसतं, पण लग्नाला जाता आलं असतं.”

मला दोष द्यायचा म्हणून नाही म्हणाले ते. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनीच विचारलं, “मी काय विचारायला हवं होतं?”

“साहेब, बाईले त्रास इचारला तर ती नाहीच म्हणन. मागच्या महिन्यात कोणाच्या घरी गेली होती, ते इचारा.”

त्यांनी ते त्याच कागदाच्या मागं लिहून घेतलं. जुन्या पेशंटना पुन्हा बोलावलं. आपला आधीचा हिशोब चुकला होता, असं स्वतःच्या नावानं छापलं. आता ते निवृत्त होऊन इथंच शंकर नगरला असतात. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर सांगतात, बाहेर तोच लेख जास्त वाचतात.

मागच्या हिवाळ्यात माझं बीपी दाखवायला नात त्याच दवाखान्यात घेऊन गेली. शेजारच्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीण एका बाईला विचारत होती, “दीदी, पिछले महीने किसके घर गई थीं?” ती बाई आधी “सब ठीक है” म्हणाली. मग पदर तोंडाशी घेऊन रडायला लागली, आणि सांगायला लागली.

“दादी, चलो ना, नंबर आ गया,” नात म्हणाली.

“हव, येते,” म्हटलं, पण उठवेना. जाऊबाईंचे सातही कागद तिथंच कुठंतरी फायलीत असतील. प्रत्येकावर खूण माझ्या हातची.